भंडाऱ्याच्या नावाची तिबेटी वसाहत : पन्नास वर्षं राहूनही ‘परदेशी’ का?

नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना महामार्ग भंडारा शहर सोडलं की कारधा इथे वैनगंगा ओलांडतो. पूल ओलांडला की लाखनी आणि साकोलीचा रस्ता लागतो. तिथून नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगावकडे गेलं की धानाची शेतं, तलाव आणि जंगल यांच्या मधोमध गोठणगाव येतं. इटियाडोह धरणाचं आणि प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेचं हे गाव-शिवार. याच परिसरात एक वसाहत आहे, तिचं नाव नोर्ग्येलिंग. बौद्ध मठ, वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका आणि तिबेटी बोलणारी माणसं. आसपासचे लोक तिला साधं ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात.

ही वसाहत १९७२ मध्ये वसली, तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि अर्जुनी मोरगाव तालुका तिकडे गेला. पण तिबेटींच्या निर्वासित प्रशासनाच्या यादीत ही वसाहत आजही ‘भंडारा’ याच नावाने आहे.

इथल्या वसाहतीत जन्मलेली, इथेच वाढलेली, मराठी-हिंदी बोलणारी कित्येक माणसं कायद्याच्या भाषेत आजही ‘परदेशी’ आहेत. याच तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत, त्यांना मात्र भारताचं नागरिकत्व मिळालं. असं का झालं? नागरिकत्व नक्की कशावर ठरतं? आणि स्थानिक समाजात मिसळण्याचा त्याच्याशी काही संबंध आहे का? समजून घेऊया.

तिबेटी लोक विदर्भात आले कसे?

मार्च १९५९ मध्ये ल्हासामध्ये चीनविरोधात उठाव झाला, तो चिरडला गेला आणि दलाई लामा तिबेट सोडून निघाले. मार्चअखेरीस ते भारताच्या हद्दीत पोहोचले. त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी त्यांना आश्रय दिला. सुरुवातीला यातल्या अनेकांना हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर मजुरी करावी लागली.

मग केंद्र सरकारने राज्यांकडे जमीन मागितली. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने सर्वात आधी होकार दिला आणि १९६० मध्ये बायलाकुप्पे इथे पहिली मोठी वसाहत उभी राहू लागली. नंतर मैनपाट (आता छत्तीसगडमध्ये), ओडिशातलं चंद्रगिरी, कर्नाटकातलं मुंडगोड अशा वसाहती होत गेल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला आली ती नोर्ग्येलिंग. तिबेटी प्रशासनाने २००९ मध्ये केलेल्या जनगणनेत भारतात ९४ हजारांहून अधिक तिबेटी नोंदले गेले होते. त्यात नोर्ग्येलिंगचा वाटा अगदी लहान.

थंड पठारावरून आलेल्या माणसांना विदर्भाचा मे महिना सोसायचा होता. ज्यांनी जव आणि याक पाहिले होते त्यांना धानाची शेती शिकायची होती. ती त्यांनी शिकली. पण एका पिकावर घर चालत नाही, हे पूर्व विदर्भातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. त्यामुळे तिबेटी कुटुंबांनी दुसरा धंदा धरला तो स्वेटरचा. हिवाळ्यात नागपुरात आणि इतर शहरांत लागणारा ‘तिबेटी स्वेटर बाजार’ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. देशभरातल्या तिबेटी वसाहती या धंद्यात आहेत. त्यातला बराचसा माल लुधियानाच्या ठोक व्यापाऱ्यांकडून येतो.

वसाहत वेगळी का ठेवली?

भारत सरकारने तिबेटींना गावोगाव विखरून वसवलं नाही. त्यांना स्वतंत्र वसाहती दिल्या. तिबेटी मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या आणि त्या चालवायला केंद्राने १९६१ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन केली. मठ बांधायला मोकळीक दिली.

यामागचा विचार सरळ होता. हे लोक पाहुणे आहेत, परिस्थिती निवळली की परत जातील, तोवर त्यांची भाषा आणि धर्म टिकला पाहिजे. दलाई लामांनाही हेच हवं होतं. म्हणजे तिबेटींनी स्थानिक समाजात विरघळून जावं, असं धोरण कधी नव्हतंच. उलट त्यांनी वेगळं राहावं, हेच धोरण होतं.

जमिनीचंही तसंच. वसाहतीची जमीन तिबेटींच्या मालकीची नाही, ती वापरायला दिलेली आहे. केंद्राने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं. त्यात राज्य सरकारांनी या जमिनींचे २० वर्षांचे भाडेपट्टे करून द्यावेत, रेशन आणि रोजगार हमीसारख्या योजनांचा लाभ द्यावा, असं सुचवलं गेलं. पण हे धोरण आहे, कायदा नाही. प्रत्येक राज्य ते आपल्या पद्धतीने लावतं.

‘निर्वासित’ म्हणजे कायद्याने नेमकं कोण?

इथे बहुतेकांना धक्का बसतो. भारतात ‘निर्वासित’ या शब्दाची व्याख्या करणारा वेगळा कायदा नाही. निर्वासितांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे कायद्यासमोर दोनच खाने उरतात : नागरिक आणि परदेशी. जो नागरिक नाही तो परदेशी, मग तो पर्यटक असो, विद्यार्थी असो की गोठणगावात जन्मलेला तिबेटी.

परदेशी व्यक्तींसाठी १९३९ चा नोंदणी कायदा आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा होता. २०२५ मध्ये संसदेने हे आणि आणखी दोन जुने कायदे रद्द करून एकच नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा केला. पण नागरिक आणि परदेशी हे दोनच खाने तसेच राहिले.

म्हणून तिबेटींचं आयुष्य दोन कागदांवर चालतं :

- नोंदणी प्रमाणपत्र : पोलिसांकडे परदेशी म्हणून केलेली नोंद. ठराविक मुदतीने त्याचं नूतनीकरण करावं लागतं. भारतात राहण्याचा आधार हाच.
- ओळख प्रमाणपत्र : पिवळ्या रंगाची पुस्तिका. पासपोर्टऐवजी परदेश प्रवासासाठी ती भारत सरकारच देते.

याशिवाय तिबेटी प्रशासनाची स्वतःची हिरवी पुस्तिका असते. त्या आधारे वसाहतीतले लोक धरमशाळेतल्या आपल्या निर्वासित सरकारच्या प्रमुखाला, म्हणजे सिक्योंगला, मत देतात. ज्याला गावच्या ग्रामपंचायतीत मत नाही, तो माणूस शेकडो किलोमीटर लांबच्या निर्वासित सरकारसाठी मतदान करतो, अशी ही अवस्था.

एकाच घरात एक भारतीय, एक परदेशी?

हो, असं होऊ शकतं. त्याचं कारण १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातल्या तारखांमध्ये आहे. जन्माने नागरिकत्व मिळण्याचे नियम असे आहेत :

- २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्म : आई-वडील कोणत्याही देशाचे असोत, मूल भारताचं नागरिक.
- १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्म : आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय नागरिक असायला हवा.
- ३ डिसेंबर २००४ पासून पुढे : दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक हवा आणि दुसरा ‘बेकायदा स्थलांतरित’ नसावा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा तिबेटमधून आलेलं एक जोडपं वसाहतीत राहतं. त्यांची मोठी मुलगी १९८६ मध्ये जन्मली आणि धाकटा मुलगा १९८८ मध्ये. दोघंही एकाच अंगणात खेळले, एकाच शाळेत गेले. कायद्याने ताई जन्मतः भारतीय आणि भाऊ परदेशी. ताईच्या मुलांचा रस्ता मोकळा, कारण त्यांची आई नागरिक आहे. भावाची पत्नी भारतीय नागरिक नसेल, तर त्याची मुलंही परदेशीच राहतील. या कुटुंबाच्या तिसऱ्या पिढीचं भवितव्य मधल्या दोन वर्षांनी ठरवलं.

१९८७ चा बदल तिबेटींना डोळ्यासमोर ठेवून झालेला नव्हता. त्या काळात आसाम आंदोलन आणि बांगलादेशातून होणारं स्थलांतर हा देशातला पेटता प्रश्न होता. १९८५ मध्ये आसाम करार झाला आणि त्यानंतर जन्माने नागरिकत्व देण्याचा नियम कडक केला गेला. त्याची झळ ब्रह्मपुत्रेपासून शेकडो मैलांवर, इटियाडोहच्या काठावर जन्मलेल्या मुलांनाही बसली.

मग १९८७ आधी जन्मलेले तरी सगळे नागरिक झाले का?

कागदावर हो. प्रत्यक्षात त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. पासपोर्ट कार्यालयं अशा तिबेटींचे अर्ज नाकारत होती, कारण त्यांच्याकडे परदेशी म्हणून केलेली नोंद होती. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोलकर यांच्या बाजूने निकाल दिला : भारतात १९८६ मध्ये जन्मलेली व्यक्ती जन्मतःच नागरिक आहे. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही अशाच प्रकरणात तोच अर्थ लावला. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशा तिबेटींची नावं मतदार यादीत घेण्याचे निर्देश दिले. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट देण्याची तयारी दाखवली.

पण सोबत अटी आल्या. पासपोर्ट हवा असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि ओळख प्रमाणपत्र रद्द करा. तिबेटी प्रशासनाकडून मिळणाऱ्या सवलती घेत नसल्याचं लिहून द्या. आणि नेमून दिलेल्या तिबेटी वसाहतीत राहू नका.

ही शेवटची अट नीट पाहा. वसाहतीतलं घर आणि शेत निर्वासित म्हणून मिळालेलं आहे, तेव्हा निर्वासितपण सोडलं की वसाहतही सोडा, असा सरकारचा तर्क. तो कागदावर बिनचूक आहे. पण ज्यांचे म्हातारे आई-वडील, मठ, शेजारी आणि भाषा सगळं त्या वसाहतीत आहे, त्यांच्यासाठी याचा अर्थ होतो : देश हवा की घर, एक निवडा.

त्यामुळे हक्क असूनही अनेक तिबेटी नागरिकत्वासाठी पुढे येत नाहीत. दुसरंही एक कारण आहे. भारतीय पासपोर्ट घेतला तर तिबेटचा लढा सोडल्यासारखं होईल, असं काहींना वाटतं. तिबेटी प्रशासनाची अधिकृत भूमिका मात्र अशी की हा ज्याचा त्याचा निर्णय आहे आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्याने कुणी तिबेटी राहत नाही असं होत नाही.

सीएएमध्ये बौद्ध आहेत, मग तिबेटी का नाहीत?

हा प्रश्न बऱ्याचदा विचारला जातो. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यात हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती या सहा धर्मांची नावं आहेत. पण देश तीनच आहेत : पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान. चीन त्या यादीत नाही. त्यामुळे बौद्ध असूनही तिबेटी या कायद्याच्या बाहेर आहेत. श्रीलंकेतून आलेले तमिळही त्याच कारणाने बाहेर आहेत. या कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये लागू झाले.

अर्ज करून नागरिकत्व घेण्याचे इतर दोन मार्ग कायद्यात आहेत. एक, भारतीय नागरिकाशी लग्न करून सात वर्षं इथे राहणं. दुसरा, साधारण १२ वर्षांच्या वास्तव्यानंतर मिळणारं नागरिकत्व. नागपूरच्या दीक्षाभूमीमुळे आपल्याला परिचित असलेले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई जन्माने जपानी आणि आज भारतीय नागरिक आहेत. म्हणजे परदेशात जन्मलेला माणूस विदर्भाचा होऊ शकतो, कायदाही त्याला नागरिक करू शकतो. फक्त तो हक्क नसतो. देणं न देणं सरकारच्या हातात असतं.

शेजारच्या बंगाली गावांना नागरिकत्व मिळालं ते कसं?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातच अरुणनगरसारखी बंगाली निर्वासितांची गावं आहेत. गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत त्याहून मोठी वस्ती आहे. फाळणीनंतर आणि विशेषतः १९६४ च्या दंगलींनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली ही कुटुंबं. त्यातली बरीचशी नमःशूद्र समाजाची.

त्यांच्याबाबत धोरण उलटं होतं. हे लोक परत जाणार नाहीत असं गृहीत धरून त्यांना कायमचं वसवलं गेलं. शेतजमीन दिली गेली, पुढे नागरिकत्वही मिळालं. आज घरी बंगाली, शाळेत मराठी, बाजारात दोन्हीचं मिश्रण आणि शरद ऋतूत दुर्गापूजा, असं त्यांचं आयुष्य आहे. ही माणसं मतदार आहेत, सरपंच होतात.

म्हणून त्यांचे प्रश्न संपले का? नाही. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत मोडतात. महाराष्ट्राच्या यादीत ही जात नाही. त्यामुळे जी सामाजिक ओळख त्यांनी सीमेपलीकडून सोबत आणली, तिला इथल्या कागदावर जागा मिळाली नाही, आणि ती मिळावी ही मागणी अनेक वर्षांची आहे. जमिनीच्या मालकी हक्काचे प्रश्नही वेळोवेळी वर येतात. वनहक्क कायद्याचाही त्यांना उपयोग नाही. आदिवासी नसलेल्यांना तिथे डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. फाळणीनंतर आलेल्या कुणालाही ते शक्य नाही.

सिंधी समाजाचं तिसरं उदाहरण. फाळणीनंतर आलेल्या सिंधींना राज्यघटनेनेच दार उघडून दिलं होतं. कलम ६ नुसार १९ जुलै १९४८ पूर्वी आलेले बहुतेक लोक थेट नागरिक ठरले, नंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतून उल्हासनगर उभं राहिलं आणि नागपुरात जरीपटका. व्यापारात हा समाज पूर्ण मिसळला. पण नव्या पिढीच्या तोंडी सिंधी भाषा कमी होत चालली आहे, ही खंत त्या समाजातले जुने लोक बोलून दाखवतात.

स्थानिक लोकांचं काय म्हणणं असतं?

पूर्व विदर्भात जमीन आणि जंगल हा आधीच नाजूक विषय आहे. गोंड आणि इतर आदिवासी कुटुंबांनी वनहक्काच्या दाव्यांसाठी वर्षानुवर्षं कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. धरणात जमीन गेलेली गावं आहेत. अशा भागात बाहेरून आलेल्यांना सरकार जमीन देतं, आणि आम्हाला पट्टा मिळायला इतका वेळ का, हा प्रश्न चुकीचा नाही. पण तो सरकारला विचारायचा प्रश्न आहे. कुणाला कुठे वसवायचं हे निर्वासितांनी ठरवलेलं नव्हतं.

दुसरीकडे, मिसळणं थांबलेलं नाही. तिबेटी मुलांच्या प्राथमिक शाळेत तिबेटी भाषेवर भर असला तरी बाजार, दवाखाना आणि एसटी स्टँड मराठी-हिंदीतच चालतात. विदर्भात बौद्ध धर्म १९५६ च्या धम्मदीक्षेपासून घराघरात आहे. तिबेटींची परंपरा त्याहून वेगळी असली तरी बुद्धमूर्तीपुढे हात जोडणारा माणूस इथे कुणाला परका वाटत नाही.

उलट वसाहतीसमोरचं संकट वेगळंच आहे. शिकलेली तिबेटी मुलं मोठ्या शहरांत आणि परदेशात जात आहेत. नागरिकांसाठी राखीव असलेली सरकारी नोकरी मिळत नाही, जमीन नावावर होत नाही, मग इथे थांबायचं कशासाठी? जिथे काही वर्षांत पासपोर्ट मिळतो तो देश त्यांना जवळचा वाटू लागतो. भाषा टिकावी म्हणून वेगळी ठेवलेली वसाहत त्या वेगळेपणामुळेच रिकामी होण्याची ही भीती आहे.

मग यातून काय समजायचं?

आपण सहसा असं धरून चालतो की बाहेरून आलेला माणूस आधी इथली भाषा शिकतो, रीतीरिवाज उचलतो, समाजात मिसळतो आणि शेवटी त्याला नागरिकत्व मिळतं. कारध्याच्या पुलापलीकडची ही तीन-चार गावं सांगतात की तसं घडत नाही. सिंधी आणि बंगाली निर्वासितांना नागरिकत्व मिळालं ते त्यांना मराठी येत होतं म्हणून नव्हे. तिबेटींना ते मिळालं नाही ते मराठी येत नाही म्हणूनही नव्हे. कुठल्या देशातून आलात, कोणत्या तारखेला जन्मलात आणि त्या वेळी सरकारचं परराष्ट्र धोरण काय होतं, यावर ते ठरलं.

मिसळणं माणसांच्या हातात असतं. ते शेतात, शाळेत आणि आठवडी बाजारात रोज होत राहतं. नागरिकत्व दिल्लीत ठरतं. दोन्हींची गल्लत केली की ‘हे लोक आपल्यात मिसळत नाहीत’ असा ठपका अशा माणसांवर येतो, ज्यांना वेगळं राहायला आपल्याच धोरणाने सांगितलं होतं.

यावर उपाय सुचवले गेले आहेत : निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा करावा, किंवा वसाहतीत राहूनही नागरिकत्व घेता येईल असा बदल करावा. पहिल्यासाठी संसदेत खासगी विधेयकं आली, पण कायदा झाला नाही. दुसऱ्यासाठी सरकारला एक अट मागे घ्यावी लागेल, इतकंच.

तोवर व्यवस्था आहे तशीच राहील. यंदाच्या हिवाळ्यात स्वेटरच्या दुकानावर तुमच्याशी वऱ्हाडी ठसक्यात घासाघीस करणारी बाई १ जुलै १९८७ च्या अलीकडची आहे की पलीकडची, यावर ती तुमची सहनागरिक आहे की परदेशी पाहुणी, हे ठरत राहील.